नवी कोरी रायफल लगेच विकायला का निघते? स्ट्रेट-पुल रायफली आणि त्यांचा वापरलेल्या मालाचा बाजार

आजचा विषय आपल्या रोजच्या जगण्यातला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रिया या देशांत शिकारीच्या रायफलींचा वापरलेल्या मालाचा बाजार चांगला मोठा आहे, आणि तिथे एक गोष्ट नेहमी दिसते. एखादी नवी स्ट्रेट-पुल रायफल गाजावाजा करून बाजारात येते. वर्ष उलटायच्या आत तीच रायफल 'जवळजवळ नवी, मोजक्याच गोळ्या झाडलेली' अशा वर्णनाने विक्रीला लागलेली असते. मग पाहणारा म्हणतो, मालात काहीतरी खोट असणार, नाहीतर इतक्या लवकर कोण विकेल?

हा निष्कर्ष बरोबर आहे का, एवढंच आज तपासायचं आहे. फोनच्या बाबतीत असा अंदाज चुकला तर फार तर पैसे जातात. इथे गोष्ट वेगळी आहे. .३०८ विंचेस्टर हे अगदी नेहमीचं काडतूस घ्या. युरोपच्या मानकाप्रमाणे त्याचा कमाल दाब ४,१५० बार आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. आणि हा सगळा दाब झाडणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर कोंडलेला असतो. चांगली वस्तू उगाच नाकारली तर नुकसान आहेच, पण खरोखर खोट असलेली वस्तू 'लोक असेच विकतात' म्हणून घेतली, तर ते नुकसान भरून येणारं नाही.

आधी ही रायफल म्हणजे काय ते पाहू. आपल्या जुन्या दाराची लोखंडी कडी आठवा. दांडी वर उचलायची, मागे सरकवायची. बंद करताना पुढे सरकवायची आणि खाली पाडायची. साधी बोल्ट-ॲक्शन रायफल याच पद्धतीने चालते. हाताच्या चार हालचाली होतात, तेव्हा रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं. स्ट्रेट-पुलमध्ये दांडी उचलणं आणि पाडणं हे दोन्ही काढून टाकलं आहे. सरळ मागे ओढा, सरळ पुढे ढकला. कुलूप लागण्याचं आणि उघडण्याचं काम आतली यंत्रणा करते.

कल्पना नवी नाही. स्विस सैन्याने १८८९मध्ये अशी रायफल स्वीकारली, ऑस्ट्रियाची १८९५ची मानलिखर याच जातीची. स्विसांची के-३१ तर १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होती. बायथलॉन या खेळात खेळाडू बर्फावर धावून येतात आणि धापा टाकत पाच गोळ्या झाडतात. तिथे अन्शुट्झची फोर्टनर यंत्रणेची स्ट्रेट-पुल रायफल कित्येक वर्षं वापरात आहे. शिकारीच्या बाजारात मात्र या प्रकाराला खरी गती दिली ती जर्मनीच्या ब्लेझर कंपनीने, १९९३च्या आर-९३ने आणि मग २००८च्या आर-८ने. त्यानंतर मेर्केलची हेलिक्स आली. २०२१मध्ये इटलीच्या बेरेटाने बीआरएक्स-१ आणि अमेरिकेच्या सॅव्हेजने इम्पल्स आणली. म्हणजे तत्त्व शंभर वर्षांहून जास्त वापरून झालेलं आहे. तेव्हा 'ही जातच वाईट' असं म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच, की घेणारे लगेच का सोडतात?

पहिलं कारण हाताची सवय. वीस वर्षं एकाच पद्धतीच्या बोल्टवर बसलेला हात नव्या बोल्टवर अडखळतो. दुकानात, रिकाम्या रायफलीवर, स्ट्रेट-पुल लोण्यासारखी चालते. रानात चित्र बदलतं. साध्या बोल्टमध्ये दांडी वर उचलताना आतल्या उतारावरून बोल्ट किंचित मागे रेटला जातो आणि चेंबरला चिकटलेली पुंगळी सुटी होते. हा तरफेचा फायदा फुकटात मिळालेला असतो, त्यामुळे तो आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. स्ट्रेट-पुलमध्ये तो थोडा कमी मिळतो, किंवा दांडी कलण्याच्या छोट्याशा हालचालीतून मिळवावा लागतो. काडतूस जास्त दाबाचं असेल, चेंबर मळलेलं असेल, तर पुंगळी घट्ट बसते आणि जोर लावावा लागतो. माणूस म्हणतो, अडकते ही.

बंद करतानाही तसंच. हरणाला चाहूल लागू नये म्हणून शिकारी बोल्ट हळूच पुढे सरकवतो. जुन्या रायफलीत दांडी खाली पडली की कळतं, कुलूप लागलं. स्ट्रेट-पुल ठामपणे पुढे ढकलावी लागते. अर्धवट ढकलली, तर चांगल्या बनावटीत गोळी सुटतच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने तेच योग्य आहे, पण हरीण निघून जातं आणि राग रायफलीवर निघतो.

ब्लेझरसारख्या रायफलींत आणखी एक फरक आहे. तिथे नेहमीचा सेफ्टी-कॅच नाही. अंगठ्याने एक बटण जोर लावून पुढे सरकवलं की मगच फायरिंग-पिनची स्प्रिंग ताणली जाते. तोवर काडतूस आत असलं तरी स्प्रिंग सैलच असते. मचाणावर चढता-उतरताना याहून चांगली सोय नाही. पण थंडीत, हातमोजा घालून, अंगठ्यात जोर कमी असलेल्या माणसाला ते बटण जड जातं. यात दोष कुणाचाच नाही. हात आणि यंत्र जुळलं नाही, इतकंच.

दुसरं कारण मैदानाचं. स्ट्रेट-पुल लोकप्रिय झाली ती मध्य युरोपातल्या हाकाऱ्याच्या शिकारीत. रानडुकरं धावत समोरून जातात, दुसरी गोळी पटकन झाडावी लागते. शिवाय जर्मनीत शिकारीच्या अर्धस्वयंचलित रायफलीत एकूण तीनच काडतुसं भरायला परवानगी आहे. मग हाताने चालणारी पण वेगवान रायफल सोयीची पडते. आता हीच रायफल स्कॉटलंडच्या डोंगरावर न्या. तिथला शिकारी तासभर सरपटत हरणाच्या टप्प्यात येतो, पोटावर झोपतो आणि शक्यतो एकच गोळी झाडतो. दुसऱ्या गोळीचा वेग त्याला फारसा लागतच नाही. ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो गुण हंगामभरात एकदाही उपयोगी पडत नाही. वर्षअखेर हिशोब मांडला की रायफल विक्रीला जाते.

तिसरं कारण कायद्याचं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. ब्रिटनमध्ये रायफल ठेवण्यासाठी १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टखाली पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. त्यात प्रत्येक रायफलीची, तिच्या कॅलिबरसकट, वेगळी नोंद असते आणि प्रत्येक नोंदीसाठी योग्य कारण द्यावं लागतं. त्याच कामासाठी त्याच कॅलिबरची दुसरी रायफल हवी म्हटलं, तर 'पहिली असताना ही कशाला?' हा प्रश्न येतोच. म्हणून तिथला माणूस सहसा एक विकतो आणि तिच्या जागी दुसरी घेतो. नवं काही आजमावायचं तर जुनं सोडावंच लागतं, आणि मन पालटलं तर नवीही सोडावी लागते. कपाटात पडून राहू देण्याची मुभा जिथे कमी, तिथे बाजारात माल जास्त दिसणारच. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक सोडावी लागली. ती तिसरी बंदूक वाईट होती म्हणून थोडीच गेली?

चौथं कारण खर्चाचं. यातल्या बऱ्याच रायफली एकेकट्या वस्तू नसतात, तो एक संच असतो. एकच दस्ता, त्यावर हव्या त्या कॅलिबरची नळी बसवा, असं आश्वासन असतं. ऐकायला छान. पण दुर्बीण बसवायचा माउंट त्याच कंपनीचा लागतो, मॅगझिनही त्यांचंच. मॉडेल नवं असताना नळ्यांचे मोजकेच पर्याय निघालेले असतात, डावखुऱ्यांसाठीचं रूप कधी येईल ते ठाऊक नसतं, आणि दुसऱ्या कंपन्यांनी सुटे भाग बनवायला सुरुवातही केलेली नसते. शिवाय ब्रिटनमध्ये वेगळी नळी घ्यायची तर तिचीही प्रमाणपत्रावर नोंद लागते. सहा महिन्यांनी माणसाच्या लक्षात येतं की आपण रायफल घेतली नाही, एका घराण्याशी सोयरीक केली आहे. काहीजण ती निभावतात, काही खर्च वाढायच्या आत मोडतात.

पाचवं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नवी वस्तू पहिल्यांदा घेतो कोण? एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२मध्ये नवीन गोष्टी समाजात कशा पसरतात याची मांडणी केली. सर्वांत आधी उडी घेणारे त्यांच्या हिशोबात २.५ टक्के, त्यानंतरचे लवकर स्वीकारणारे १३.५ टक्के. रायफलींच्या जगात हे पहिले लोक म्हणजे ज्यांच्याकडे आधीच दोन-तीन चांगल्या रायफली आहेत, ज्यांना गरज नसून कुतूहल आहे. ते घेतात, पन्नासेक गोळ्या झाडतात, समजून घेतात आणि पुढच्या नव्या मॉडेलसाठी विकतात. ज्याची एकुलती एक रायफल आहे तो माणूस पहिल्या वर्षी दुकानात जातच नाही. म्हणजे पहिल्या वर्षीच्या जाहिरातींत आपल्याला दिसतात ते मुळात विकण्याची सवय असलेले लोक. समाधानी गिऱ्हाईक जाहिरात देत नाही, ते रायफल घेऊन रानात गेलेलं असतं.

पण म्हणून प्रत्येक जाहिरात निर्धास्तपणे घ्यावी का? नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाचा १९७०चा निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सगळ्याच मालाकडे संशयाने पाहतो, भाव पडतो, आणि चांगला माल असलेले बाजारातून निघून जातात. स्ट्रेट-पुलच्या बाजारात हेच होतं. बऱ्याचशा रायफली निर्दोष असतात, पण थोड्या सदोष त्यांच्यात मिसळलेल्या असू शकतात, आणि जाहिरातीतलं वाक्य दोघींचं सारखंच असतं.

इतिहासात खऱ्या दोषाचं उदाहरणही आहे. कॅनडाने सर चार्ल्स रॉस यांची स्ट्रेट-पुल रायफल सैन्यासाठी स्वीकारली होती. नेमाला ती उत्तम होती. पण पहिल्या महायुद्धात खंदकातला चिखल आणि कमी-अधिक मापाची काडतुसं यांच्यापुढे तिचा बोल्ट अडकायला लागला. एप्रिल १९१५मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत कितीतरी कॅनेडियन सैनिकांनी रॉस टाकून ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. शिवाय तिच्या एका मॉडेलचा बोल्ट साफसफाईनंतर चुकीच्या पद्धतीने जोडला, तर कुलूप न लागताच गोळी सुटू शकत होती. १९१६मध्ये ती पायदळाकडून काढून घेतली गेली. गंमत म्हणजे निवडक नेमबाज मात्र तिच्या नेमासाठी ती नंतरही वापरत राहिले. बोल्टचा तो दोष खराच होता. अडकण्याची तक्रार मात्र, ती कुठल्या मैदानात आणि कुठल्या काडतुसांनी चालवली यावर बरीच अवलंबून होती.

मग फरक कसा ओळखायचा? विकणाऱ्याचं कारण नीट ऐका. 'माझ्या हाताला जमली नाही', 'डावखुरी आवृत्ती आली नाही', 'प्रमाणपत्रावर जागा हवी होती' ही कारणं माणसाबद्दल आहेत. सोबत माउंट, जादा मॅगझिनं सगळं विकत असेल, तर तो सहसा संचातून बाहेर पडतो आहे. पण 'कधीकधी गोळी सुटत नाही', 'ठरावीक काडतुसं चालत नाहीत', 'पुंगळी बाहेर काढायला हातोडी मारावी लागते' असं काही निघालं, तर ते वस्तूबद्दल आहे. अशा वेळी भाव करत बसायचं नाही. जाणकार गनस्मिथकडून चेंबर, बोल्टची पकड आणि प्रूफचे शिक्के तपासून घ्यायचे. लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउसेस याच कामासाठी आहेत, आणि प्रूफमध्ये नसलेलं शस्त्र विकणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. कंपनीने त्या मॉडेलबद्दल काही सूचना काढली आहे का, हेही क्रमांक देऊन विचारायचं.

शेवटी प्रेक्षकांतून आलेले दोन प्रश्न घेतो.

प्रश्न : भारतात याचा उपयोग काय? इथे तर शिकारीला बंदीच आहे.

उत्तर : बरोबर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इथे हौसेची शिकार संपली. आपल्याकडे राहिला तो नेमबाजीचा खेळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तो प्रकार .२२ रायफलीचा आहे. पण युकेमध्ये, जर्मनीत राहणारे काही मराठी लोक रीतसर प्रमाणपत्र घेऊन तिथल्या क्लबांत जातात, त्यांना हा प्रश्न थेट भेटतो. आणि बाकीच्यांना, जुना कॅमेरा घेताना किंवा सहा महिने वापरलेली स्कूटर घेताना.

प्रश्न : म्हणजे पहिल्या वर्षी नवी घेऊच नये का?

उत्तर : घ्यावी, पण आधी तीन गोष्टी करून. ओळखीच्या क्लबात कुणाची तरी रायफल रीतसर देखरेखीखाली, खऱ्या काडतुसांनी, थंडीच्या कपड्यांत चालवून पाहा. आपल्याला दुसरी गोळी किती वेळा पटकन लागते, याचा मागच्या हंगामाचा हिशोब काढा. आणि माउंट, मॅगझिन, पुढची नळी यांच्यासकट पूर्ण किंमत कागदावर मांडा. एवढं करूनही घ्यावीशी वाटली, तर ती रायफल पुढच्या वर्षी जाहिरातीत दिसण्याची शक्यता फार कमी.