समलिंगी जीवनावरील चित्रपट : काही मनात राहिलेले, काही निराश करणारे

चित्रपट हा आपल्या घरोघरीचा जिव्हाळ्याचा विषय. कोणता पाहावा, कोणता टाळावा, कोणत्या नटाने जीव ओतून काम केले, यावर जेवताना चर्चा होत नाही असे मराठी घर विरळाच. परंतु काही चित्रपट असे असतात की ते पाहून झाल्यावर घरात कुणी चकार शब्द काढीत नाही. वडीलधारी मंडळी वर्तमानपत्रात डोके घालतात, मुले उठून आपापल्या खोलीत जातात. पुरुषाचे पुरुषावर किंवा स्त्रीचे स्त्रीवर असलेले प्रेम हा ज्यांचा विषय आहे, ते चित्रपट या वर्गातले. आम्ही असे चित्रपट आवर्जून पाहत आलो आहोत. त्यांतील काही मनात घर करून राहिले, काहींनी पुरती निराशा केली. दोहोंचीही कारणे वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

विषय कौटुंबिक मासिकाचा आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो प्रथम कुटुंबाचाच आहे. दि. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रौढ व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. न्यायालयाचे काम तेथे झाले. मात्र अशा मुलाने वा मुलीने घरात कोठे बसावे, सणावारी पंक्तीत त्याच्या सोबत्याचे पान मांडावे की नाही, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही. ते घरालाच ठरवावे लागते. आणि पडद्याकडे पाहून घरातील माणसे कशाला हसतात, कोठे तोंड फिरवतात, हे त्याच खोलीत बसलेले कुणीतरी निमूटपणे टिपून घेत असते.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी मनाशी धरली. पडद्यावरील त्या व्यक्तीला चित्रपटकर्त्याने घर, व्यवसाय, भाषा, आवडीनिवडी दिल्या आहेत काय? की तिचे एकच वैशिष्ट्य हाती घेऊन तिला हसण्याचे, भिण्याचे अथवा उपदेशाचे साधन केले आहे?

आरंभीची वादळे

मराठी पडद्याला हा विषय अगदीच अपरिचित नव्हता. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा धागा येतो. पण तो एका मोठ्या कथेतील उपकथानकापुरताच, आणि प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती स्मिता पाटील यांची सुलभा. रंगभूमीने अधिक धीटपणा दाखविला होता. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी रंगविलेली मित्रा हीच नायिका होती.

खरे वादळ उठले ते दीपा मेहता यांच्या ‘फायर’वरून. १९९६ साली तयार झालेला हा चित्रपट भारतात १९९८ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. डिसेंबरमध्ये मुंबई-दिल्लीच्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली, चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे धाडण्यात आला आणि १९९९ मध्ये पुन्हा पडद्यावर आला. दिल्लीतील एकत्र कुटुंबातील दोन जावांची ही कथा. थोरली राधा शबाना आझमी यांनी, तर धाकटी सीता नंदिता दास यांनी साकारली आहे. थोरल्याने ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले, धाकट्याचे मन बाहेर गुंतलेले, आणि दोघी स्वयंपाकघरात दिवसभर राबणाऱ्या.

या चित्रपटाविषयी आमचे मत दुहेरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेल्या सासूसह ते घर, त्यातील उष्मा, बायकांचे न संपणारे कष्ट हे सारे अस्सल उतरले आहे. जावाजावांच्या नात्याला आपल्याकडे हेव्यादाव्यांपलीकडे फारसे स्थान मिळाले नाही. येथे त्या एकमेकींचा आधार होतात. परंतु नवऱ्यांनी उपेक्षा केली म्हणून या स्त्रिया एकमेकींकडे वळल्या, असा ग्रह कथानकाच्या रचनेमुळे होतो. नवरे प्रेमळ असते तर हे घडलेच नसते, असे म्हणून प्रेक्षक सुटका करून घेऊ शकतो. चित्रपटाच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. पण कथेने ही पळवाट ठेवायला नको होती.

गोव्यातला निखिल

ओनीर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) गोव्यात घडतो. निखिल हा जलतरणपटू, घराचा अभिमान. त्याला एच. आय. व्ही.ची लागण झाल्याचे कळताच संघ, मित्र आणि आईवडील, सारेच पाठ फिरवतात. कायद्याच्या जोरावर त्याला एकांतात डांबले जाते. त्याच्या बाजूला उभी राहतात दोनच माणसे, थोरली बहीण अनामिका आणि सोबती नायजेल.

हा बंदिवास निव्वळ कल्पनेतला नव्हे. त्या काळच्या गोव्यातील सार्वजनिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णास सक्तीने वेगळे ठेवण्याची मुभा दिली होती. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी नेऊन एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस ठेवले होते. चित्रपटाची प्रेरणा त्याच घटनेत आहे.

जुही चावला यांची बहीण आम्हांला विशेष भावली. ती भाषण करीत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. भाऊ आहे एवढे कारण तिला पुरते. नायजेलची सेवाही तशीच अबोल आहे. उणीव सांगायची तर दोघांच्या प्रेमाविषयी चित्रपट फार हात राखून बोलतो. आजाराची करुणा पुढे येते आणि प्रेमाचा आनंद मागे राहतो. तरीही घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे.

अलीगढचे मराठी प्राध्यापक

या यादीत आम्ही अग्रमान देतो तो हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ला. तो भारतात फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना तो विशेष जवळचा वाटावा, कारण त्याचा नायक आपल्यासारखाच परप्रांती स्थायिक झालेला मराठी माणूस आहे. नागपूरकडचे डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. सेवानिवृत्तीस थोडे महिने उरले असता, फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेतलेले लोक त्यांच्या निवासस्थानात घुसले आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी निलंबन झाले. ज्यांनी घर फोडले ते बाजूला राहिले आणि ज्याचे घर फोडले तो आरोपी ठरला. वास्तविक दिल्ली उच्च न्यायालयाच्या जुलै २००९ च्या निकालामुळे त्या वेळी हा गुन्हाही उरला नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

मनोज वाजपेयी यांनी उभा केलेला हा प्राध्यापक विसरता येत नाही. रात्री एकटाच बसून, हातात पेला घेऊन तो लताबाईंचे गाणे ऐकतो, तो प्रसंग केवळ चेहऱ्यावर तोलला आहे. न्यायालयात वकील त्याच्या शीलावर तावातावाने बोलत असतात आणि हा आपल्या कवितांचे भाषांतर करीत बसलेला असतो. आपल्या भावनेला तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचे लेबल लावलेले त्याला रुचत नाही, कारण कवीला शब्दाचे वजन ठाऊक असते. हा मुद्दा आम्हां मराठी भाषकांनाही विचार करावयास लावणारा आहे. ‘समलिंगी’ हा आपला शब्द ग्रंथातला. घरात आणि नाक्यावर आपण जे शब्द वापरतो ते बहुतेक सारे टवाळीचे. ज्या भाषेने या माणसाला कविता दिली, तिने त्याला स्वतःविषयी बोलायला एक मायेचा शब्द दिला नाही.

राजकुमार राव यांनी रंगविलेला तरुण वार्ताहर आणि हा वृद्ध कवी यांची मैत्री हा चित्रपटाचा दुसरा विशेष. तिच्यात उपकाराची भावना नाही. एकाकी माणसाला ऐकून घेणारा कुणी भेटला म्हणजे काय घडते, एवढेच ती दाखविते.

एक आई

‘मेमरीज इन मार्च’ (२०१०) हा संजय नाग दिग्दर्शित चित्रपट ऋतुपर्ण घोष यांनी लिहिला आणि त्यात महत्त्वाची भूमिकाही केली. तरुण मुलगा अपघातात जातो. त्याच्या वस्तू आवरण्यासाठी आई दिल्लीहून कोलकत्यास येते आणि तेथे तिला कळते, की त्याचे प्रेम एका पुरुषावर होते. प्रथम ती त्या पुरुषालाच दोष देते. पुढे हळूहळू तिच्या ध्यानात येते, की आपल्या मुलाला जवळून ओळखणारे आता जगात आपण दोघेच आहोत. दीप्ती नवल यांनी हे स्थित्यंतर अश्रूंचा बाजार न मांडता दाखविले आहे. मुलाने जिवंतपणी हे आईला का सांगितले नाही, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही, पण तो शेवटपर्यंत ऐकू येत राहतो.

निराशेचा अध्याय

आता अप्रिय कर्तव्य. ‘गर्लफ्रेंड’ (२००४) या चित्रपटात मैत्रिणीवर प्रेम करणारी स्त्री मत्सराने पेटलेली, हिंसक आणि पुरुषद्वेष्टी दाखविली असून अखेरीस तिचा मृत्यू घडवून आणला आहे. बालपणीचा अत्याचार हे तिच्या प्रेमाचे ‘कारण’ म्हणून पुढे केले आहे. असा चित्रपट पाहून एखाद्या आईच्या मनात आपल्या लेकीविषयी भयच निर्माण व्हावे. याहून मोठा अपकार तो कोणता?

‘दोस्ताना’ (२००८) हा प्रेक्षकप्रिय. मायामीत भाड्याने जागा मिळावी म्हणून दोन तरुण एकमेकांचे प्रेमी असल्याचे सोंग करतात. सोंग हाच विनोदाचा आधार, आणि जी पात्रे खरोखर तशी आहेत ती अंगविक्षेपांपुरती. किरण खेर यांची आई आधी आकांत करते आणि मग मुलाच्या त्या ‘जोडीदारा’चे सुनेसारखे स्वागत करते, त्या प्रसंगात एका चांगल्या चित्रपटाचे बीज होते, ते हशात वाहून गेले. आमचा विनोदाला विरोध नाही. पण हसे कुणाचे होते, हे पाहावे लागते.

त्या दृष्टीने ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) बराच पुढे आहे. येथे हसू येते ते मुलांना नव्हे, त्यांना ‘सुधारू’ पाहणाऱ्या घराला. गजराज राव आणि नीना गुप्ता यांचे गोंधळलेले आईबाप ओळखीचे वाटतात. परंतु चित्रपटाला घाई फार. पात्रे बोलता बोलता घोषणा देऊ लागतात आणि गुंता सुटण्याआधीच शेवट गोड होतो.

सर्वांत हळहळ वाटली ती ‘कोबाल्ट ब्लू’ची. सचिन कुंडलकर यांची ही मराठी कादंबरी २००६ ची. भाऊ आणि बहीण घरात राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो आणि दोघे आपापली बाजू सांगतात. कादंबरीत पुण्याच्या मध्यमवर्गीय घराचे बारकावे असे आहेत, की आपण भिंतीआडून ऐकत आहोत असे वाटावे. २०२२ मध्ये लेखकानेच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात कथा फोर्ट कोचीला गेली. दृश्ये देखणी आहेत, निळाई मोहक आहे. पण त्या देखणेपणात घर हरवले आणि बहिणीची बाजू उणावली. ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांनी आधी ते वाचावे.

अलीकडचे दोन

हर्षवर्धन कुलकर्णी यांचा ‘बधाई दो’ (२०२२) मात्र समाधान देऊन गेला. पोलिसातील तरुण आणि शाळेत खेळ शिकविणारी तरुणी, दोघांनाही घरच्यांची लग्नाची घाई चुकवायची आहे. म्हणून ती दोघे परस्परांशी नावापुरते लग्न करतात. अशा लग्नाची आपल्याकडे किती उदाहरणे असतील याची गणती नाही. फरक इतकाच, की बहुतेक ठिकाणी जोडीदाराला सत्य ठाऊक नसते आणि एका निरपराध स्त्रीचे आयुष्य फुकट जाते. हा विचार चित्रपट उघड न बोलता जागा करतो. शेवटी मुलासाठी मांडलेल्या पूजेत सगळी नाती एकत्र बसतात, ते दृश्य अनेक व्याख्यानांहून प्रभावी आहे.

आणि ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या मराठी चित्रपटास जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद सुतकाचे दहा दिवस पाळण्यासाठी गावी येतो. नातलगांची रीतिरिवाजांची बंधने एकीकडे, ‘आता लग्नाचे पाहा’ हा तगादा दुसरीकडे. तेथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. चित्रपट कोठेही आवाज चढवीत नाही. आईला मुलाविषयी ठाऊक आहे, आणि भावकीच्या गराड्यात ती त्याला आपल्या परीने सांभाळून घेते. काट्यांच्या निवडुंगाला लागणारे ते तांबडे, गोड फळ ज्यांनी लहानपणी गावाकडे खाल्ले असेल, त्यांना नावाचा अर्थ सांगावयास नको. भाषा, माती, सुतक आणि प्रेम ही सारी एकाच घरातली आहेत, हे मराठीत सांगणारा असा चित्रपट आम्ही यापूर्वी पाहिला नव्हता.

वाचकांनी यांपैकी एकच पाहायचा ठरविला, तर ‘साबर बोंडं’ पाहावा. दोन पाहता आले तर ‘अलीगढ’ही. शक्य तर घरातील सर्वांनी मिळून पाहावेत, आणि संपल्यावर वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी आईने वा वडिलांनी एखादे वाक्य तरी बोलावे. ‘त्या आईने बरे केले’, एवढेही पुरे. ज्याच्यासाठी ते वाक्य असेल, त्याला ते बरोबर ऐकू जाईल.