अनोळखी माणसाला प्रश्न विचारताना

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी शिक्षकखोलीच्या दारावर एक छापील सूचना लागली. 'आचार्यांनी सकाळी सहा वाजता मागच्या दाराने यावे व मोठी पातेली बरोबर आणावीत.' लिहायचे होते 'आचाऱ्यांनी'. हाताने लिहिताना आपण 'र'चे ते आडवे झालेले अर्धे रूप सहज काढतो. संगणकाने मात्र 'र'चा रफार करून 'य'च्या डोक्यावर बसवला आणि स्वयंपाक्यांचे गुरुजन झाले. दिवसभर हसून झाले. पण पुढे परीक्षा होत्या. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत 'सह्याद्रीतील दऱ्या' छापायच्या होत्या आणि पडद्यावर उमटत होता 'दर्या'. सह्याद्रीत समुद्र दाखवून कसे चालेल?

आमच्यापैकी कोणालाच यावरचा उपाय ठाऊक नव्हता. तालुक्याच्या गावात विचारायचे तरी कोणाला? तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवले की आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरच्या जाणकारांचा इंटरनेटवर एक गट आहे, तेथे विचारू. असे हजारो गट आहेत. त्यांत कोणी नोकरदार असतो, कोणी विद्यार्थी. फावल्या वेळात ते एकमेकांच्या अडचणी सोडवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आम्ही इंग्रजीत प्रश्न लिहिला. त्याचा मराठी अर्थ असा: 'मराठी र नीट येत नाही. फार तातडीचे आहे. कृपया योग्य ती कार्यवाही करावी.' खाली 'आचार्य' हा शब्द नमुन्यादाखल चिकटवला.

तीन दिवस कोणी बोलले नाही. चौथ्या दिवशी दोन उत्तरे आली. पहिले एका ओळीचे: 'कोणता र? कुठे? कसा येतो?' दुसरे एका हिंदी भाषकाचे होते: 'आचार्य हा शब्द तर बरोबर दिसतो आहे.' त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता! हिंदीत 'ऱ्य' वापरतच नाहीत. मराठीतला आचारी आणि आचार्य यांतला फरक या लहानशा रेघेवर अवलंबून आहे, हे त्याला कळण्याचे काही कारण नव्हते. आम्ही ते सांगितलेही नव्हते.

येथे आम्ही आणखी एक चूक केली. सहकाऱ्याने विनयाने लिहिले, 'आपल्या उत्तराबद्दल मला एक डाउट आहे.' आपल्याकडे शाळा-कॉलेजांत 'डाउट' म्हणजे शंका, आणि शंका विचारणे हे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण. पण मराठीत 'शंका विचारणे' आणि 'शंका घेणे' यांत केवढे अंतर आहे! भारताबाहेरच्या इंग्रजी वाचकाला 'डाउट' हा शब्द बहुधा दुसऱ्या अर्थाने लागतो. पहिल्या गृहस्थांनी तो तसाच घेतला आणि 'विश्वास नसेल तर विचारू नका' असे लिहून ते निघून गेले. आम्ही रागावलो, तेही रागावले, आणि 'र' होता तेथेच राहिला.

या सगळ्यात कोणीही उद्धट नव्हते, हे आज शांतपणे पाहिले की लक्षात येते. वर्गात मूल म्हणते, 'बाई, हे जमत नाही', तेव्हा 'हे' म्हणजे काय ते बाईंना दिसत असते. वही समोर असते, मुलाचा चेहराही समोर असतो. लिहून विचारलेल्या प्रश्नाला ना वही असते, ना चेहरा. वाचणाऱ्याच्या हाती येतात फक्त आपली अक्षरे. सायमन टॅटहॅम या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ मध्ये सॉफ्टवेअरमधले दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार वाचला गेला. त्याचा गाभा हाच आहे: दोष आपल्या डोळ्यांसमोर घडताना प्रोग्रामरला पाहता आला पाहिजे, प्रत्यक्ष दाखवता येत नसेल, तर त्याला तो स्वतःच्या संगणकावर घडवून आणता येईल इतके नेमके सांगावे.

विज्ञानशिक्षकांना यात नवे काहीच वाटणार नाही. प्रयोगवहीत आपण कृती, निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहायला लावतो. 'र नीट येत नाही' हे निरीक्षण नसून अनुमान आहे. निरीक्षण असे: 'मी र, हलन्त चिन्ह, य आणि आ या कळा या क्रमाने दाबल्या, मला दऱ्या हवे होते, पडद्यावर दर्या आले.' आम्ही दुसऱ्यांदा असे लिहिले, सोबत दोन्ही शब्दांचे अर्थ दिले आणि हाताने लिहिलेल्या अक्षराचे छायाचित्र जोडले. 'तातडीचे' हा शब्द काढून टाकला. घाई आमची होती, त्यांची नव्हती.

उत्तर त्याच संध्याकाळी आले, आणि गंमत म्हणजे ते आले नेपाळहून. नेपाळीत 'गऱ्यो' असे लिहितात. त्या माणसाने ही अडचण स्वतः भोगली होती. त्याची युक्ती अशी, की 'र' आणि हलन्त यांच्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह टाकायचे. मग दुसऱ्या एकाने अधिक सोपा मार्ग दाखवला. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत 'ऱ' या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते 'र'च्याच कळीवर बसलेले आहे, फक्त शिफ्ट दाबून धरायची. ऱ, हलन्त, य, आ, झाल्या दऱ्या. दोन्ही रीतींनी पडद्यावर सारखेच अक्षर उमटते, पण संगणकाच्या पोटात ती दोन निरनिराळी स्पेलिंगे असतात. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. हा शेवटचा इशारा आम्ही विचारलाही नव्हता. प्रश्न नेमका असला की उत्तरे अशी पदरात जास्तीची पडतात.

चेहरा न दिसल्यामुळे होणारे घोटाळे मोठ्या शास्त्रज्ञांनाही चुकलेले नाहीत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरील सूचनाफलकावर भौतिकशास्त्राची एक कोडेवजा चर्चा चालली होती. लिफ्टचा दोर तुटून ती मुक्तपणे खाली पडू लागली, तर आतल्या जळत्या मेणबत्तीचे आणि पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? एकाने थट्टेने लिहिले, की नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे अमुक लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगही लागली आहे. काहींना ती खरीच सूचना वाटली! मग थट्टा ओळखायची कशी यावर खल झाला, आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस ही तीन चिन्हे ओळीने लिहून हसरा चेहरा सुचवला. तो मूळ संदेश हरवला होता. २००२ मध्ये जुन्या टेपांवरून तो शोधून काढण्यात आला. आज मोबाइलवर जी पिवळी तोंडे आपण पाठवतो, त्यांचा एक पूर्वज असा लिफ्टमधल्या पाऱ्यातून जन्मला.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. उत्तर देणारे इतके तुटक का बोलतात? युजनेट ही अशा चर्चागटांची जुनी व्यवस्था. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी ती १९७९ मध्ये कल्पिली आणि १९८० मध्ये ती चालू झाली. दर सप्टेंबरात अमेरिकेतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि तेच ते प्रश्न विचारत. एखाद-दोन महिन्यांत त्यांना तेथील रीत कळे. आपल्याकडचा जून आठवा! १९९३ च्या सप्टेंबरपासून मात्र नव्यांचा ओघ थांबलाच नाही, कारण खासगी कंपन्या आपल्या ग्राहकांना युजनेट खुले करू लागल्या होत्या. जुने लोक त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागले. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठेवण्याची पद्धत अशा गटांत रुजली ती याच त्रासातून. 'आधी ते वाचा' हे त्यांचे उत्तर आपल्याला झिडकारल्यासारखे वाटते. शंभराव्यांदा तोच प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडून ते आलेले असते, एवढे ध्यानात ठेवले तर ते कमी टोचते. तरीही टोचते, हे आम्ही नाकारत नाही.

नव्याने विचारणाऱ्यानेही किती सुंदर विचारावे, याचा एक नमुना इतिहासात आहे. जुलै १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स प्रणालीच्या गटात विचारले, की मी एका कामात आहे, त्यासाठी मला पॉसिक्स या प्रमाणकाची नियमावली हवी आहे; शक्यतो संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात कोठे मिळेल? काय चालले आहे, काय हवे आहे, कोणत्या रूपात हवे आहे, सारे दोन-तीन वाक्यांत. त्या कामातूनच पुढे लिनक्स प्रणाली झाली.

'काय चालले आहे' हा भाग आपण हमखास गाळतो. आमच्या एका मित्राने गटात विचारले होते, 'लिहिलेल्या मजकुराचे चित्र कसे करावे?' लोकांनी चार युक्त्या सांगितल्या. चित्रे फार जड झाली, ई-मेलने जाईनात. मग चित्र लहान कसे करावे, हा नवा प्रश्न. पाचव्या दिवशी कोणीतरी विचारले, 'पण तुम्हाला चित्र हवे कशाला?' तेव्हा उलगडा झाला. केंद्रप्रमुखांच्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. जुने मराठी फॉन्ट देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवतात. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला आणि चित्रांची गरजच उरली नाही. मित्राने आपल्या मनातला उपाय विचारला होता. अडचण सांगितलीच नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन पोटदुखी न सांगता अमुक गोळी मागावी, तशातला प्रकार.

पण सगळा दोष विचारणाऱ्यांच्या पदरात टाकणे आम्हाला मान्य नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रसिद्ध प्रश्नोत्तर-स्थळाच्या चालकांनी २०१८ मध्ये जाहीरपणे कबूल केले, की आपल्याकडे नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षितांना परके वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरात टोरवाल्ड्स यांनीही आपल्या खरमरीत पत्रांबद्दल क्षमा मागून काही काळ कामातून रजा घेतली. आपल्याकडची मुले तर अशा ठिकाणी 'डिअर सर' असा मायना लिहितात. पलीकडे उत्तर देणारी बाईही असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. आदर दाखवायला जावे आणि अनादर व्हावा. आणि एकदा तुटक उत्तर मिळाले की ती पुन्हा कुठेच विचारत नाहीत, वर्गातही नाही. आम्हाला खरी चिंता या गप्प झालेल्या मुलांची वाटते.

म्हणून गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला आम्ही एक रीत घातली. अडले की हात वर करण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. नववीतली एक मुलगी पायथन भाषेत दोन गुणांची बेरीज करत होती. तिने लिहिले, 'मी १२ आणि १५ दिले. २७ यायला हवे होते. १२१५ आले.' लिहून ती थोडा वेळ ओळींकडे पाहत राहिली. मग उठून म्हणाली, 'सर, त्याने बेरीज केलीच नाही, नुसते एकापुढे एक चिकटवलेत. हे शब्द नाहीत, आकडे आहेत, असं त्याला कसं सांगायचं?'

आम्ही तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घेतला.