मार्शल घराण्याचा वंशवृक्ष

'मार्शल' हे मुळात आडनाव नव्हे. तो हुद्दा होय. जर्मानिक भाषांतील 'घोडा' आणि 'सेवक' ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो समास. राजाच्या अश्वशाळेचा हा चाकर बाराव्या शतकातील इंग्लंडात मोठा मानकरी होऊन बसला, आणि आपल्याकडे फडणीस-चिटणीसांचे झाले तेच तेथे झाले : हुद्दा वंशपरंपरेने चालला व कुळास चिकटला. तत्पूर्वीची नॉर्मन रीत निराळी. ह्या कुळातील जॉन हा 'फिट्झ गिल्बर्ट', म्हणजे केवळ गिल्बर्टचा पुत्र. गिल्बर्टच्या मागे वंशावळकाराने फारसे जाऊ नये; तेथे पुरावा विरळ होतो आणि हौस सुरू होते.

जॉनचा धाकट्यांपैकी एक मुलगा विल्यम हाच ह्या घराण्याच्या वैभवाचा कर्ता. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात तो राजा स्टीफनपाशी ओलीस होता. बापाने शब्द मोडला. मुलास फासावर देण्याची धमकी आली, तेव्हा असले पुत्र आपण आणखी घडवू शकतो असा निरोप बापाने धाडला, असे सांगतात. राजाला बालकाची दया आली नसती, तर पुढचा वंशवृक्षच नसता. जमीनजुमला नसलेल्या ह्या वीरास ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअर ही वधू मिळाली. तिचा पिता रिचर्ड 'स्ट्राँगबो'. आई ईफा, आयर्लंडातील लेन्स्टरच्या राजाची कन्या. पेम्ब्रोक आणि लेन्स्टर ह्यांवरील हक्क पत्नीकडून आला, हे ध्यानात ठेवावयास हवे. पुढे १२१६ पासून १२१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने विल्यमनेच राज्य सांभाळले.

ओलिसाची कथा जेथून येते ते प्राचीन फ्रेंचमधील चरित्रकाव्य एकोणीस हजारांहून अधिक ओळींचे आहे. थोरल्या मुलाच्या आश्रयाने ते १२२६ च्या सुमारास रचले गेले. त्याचे एकच हस्तलिखित उरले. पॉल मेयर ह्या फ्रेंच पंडिताने ते १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात ओझरते पाहिले, आणि पुन्हा हाती लागावयास त्यास वीस वर्षे वाट पाहावी लागली! नायक राजा नव्हे की संत नव्हे. पुत्राने पित्याची कीर्ती लिहवून घेतली आहे. तेव्हा बखरीप्रमाणेच हेही सावधपणे वाचावे.

कवीने लिहिले तेव्हा पाचही पुत्र हयात होते. १२३१ मध्ये थोरला विल्यम गेला. १२३४ मध्ये रिचर्ड किल्डेअरनजीकच्या लढाईत झालेल्या जखमांनी, १२४१ मध्ये गिल्बर्ट हर्टफर्डच्या शस्त्रक्रीडेत. १२४५ च्या अखेरीस वॉल्टर आणि अन्सेल्म लागोपाठ. एकाच्याही मागे औरस संतती नव्हती. सेंट ऑल्बन्सचा मठवासी इतिहासकार मॅथ्यू पॅरिस ह्याचे कारण शापात शोधतो : विल्यमने फर्न्सच्या बिशपाची दोन गावे बळकावली, पुत्रांनी ती परत करण्याचे नाकारले, म्हणून वंश बुडाला. परंतु पॅरिसची ही कथा वंश बुडाल्यानंतरची आहे. शेवट ठाऊक असलेल्या लेखकास शाप सहज सापडतो.

शिवाय वंश बुडाला म्हणणे हा पुरुषांपुरता हिशेब. विल्यमला पाच कन्या होत्या, आणि लेन्स्टरचे भाग त्यांच्या शाखांत वाटले गेले. मार्शलपद थोरली मॉड हिच्याकडून बिगॉड घराण्यात गेले. किल्केनी इझाबेलच्या शाखेस मिळाले. तिच्याच मुलीचा नातू रॉबर्ट ब्रूस १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला. सिबिलला सात मुली. ईव्हाची एक कन्या मॉर्टिमरांच्या घरी गेली, आणि तीच रक्तधारा १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डच्या रूपाने इंग्लंडच्या गादीवर आली. धाकट्या जोनच्या मुलीने विल्यम द व्हॅलेन्स ह्याच्याशी विवाह केला आणि पेम्ब्रोक त्याच्याकडे गेले : ज्या वाटेने ते मार्शलांच्या घरी आले होते, त्याच वाटेने.