बाटेनबर्ग : हेस घराण्याची धाकटी शाखा

हेस-डार्मस्टाटचा राजपुत्र अलेक्झांडर याने १८५१ मध्ये यूलिया हाउकेशी लग्न केले. ती त्याच्या बहिणीची, म्हणजे रशियाच्या युवराज्ञीची, सखी. वडील पोलिश सैन्यातले जनरल, पण राजकुळातले नव्हेत. तेवढ्यावरून होणाऱ्या मुलांचा हेसच्या गादीवरचा हक्क गेला. यूलियाला बाटेनबर्ग या लहानशा गावाच्या नावाने काउंटेसचा किताब मिळाला, १८५८ मध्ये प्रिन्सेसचा. मुलांनी वडिलांचे नव्हे, आईला मिळालेले हे नाव लावले. या वंशावळीतली मला सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट हीच.

गादी नाकारलेल्या या भावंडांपैकी अलेक्झांडर १८७९ मध्ये बल्गेरियाचा राज्यकर्ता झाला. हेन्रीचे लग्न व्हिक्टोरिया राणीची धाकटी मुलगी बिआट्रिस हिच्याशी झाले, आणि त्यांची मुलगी पुढे स्पेनची राणी झाली. थोरला लुई ब्रिटिश आरमाराच्या सर्वोच्च पदापर्यंत पोचला; १९१४ मध्ये जर्मन वंशामुळे त्याला ते सोडावे लागले, हा त्याच्यावर झालेला उघड अन्यायच. १९१७ मध्ये त्याने आडनाव इंग्रजी केले : माउंटबॅटन. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय हे त्याचे धाकटे चिरंजीव. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे पती फिलिप हे त्याच्या मुलीचे, ॲलिसचे, पुत्र.