पाव लाटेत अख्खं गाणं!

मोबाइलमधल्या गेमचं गाणं बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. पण ओळख बघू, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटर गेममध्ये काय असायचं?

नुसत्या सूचना! हा सूर लाव. एवढा वेळ धर. आता थांब! गेम यायचा त्या छोट्याशा फ्लॉपी डिस्कवर रेकॉर्ड केलेल्या गाण्याला जागाच कुठे होती? सूचना वाचून आवाज काढायचा तो साउंड कार्डानं.

आता उज्जैनला पोहे माग. ठेल्यावरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला येतो. घरी आजी ओलं खोबरं घालते. दोघांनाही सांगितले पोहेच! तसंच कार्ड बदललं, की त्याच गेमचं गाणं वेगळं वाजायचं. म्हणून तर जुन्या गेमचे वेडे आजही तेव्हाच्या कार्डांवरची जुनी चिप शोधतात.

तिचं नाव वायएम ३८१२. जपानच्या यामाहा कंपनीची. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिबनं ती आपल्या कार्डावर बसवली. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टरवर. एका वेळी नऊ सूर!

पण एवढीशी चिप घंटा आणि तुतारी कशी वाजवते?

गाणारे लांब सूर लावताना आवाज किंचित हलवतात ना? सेकंदाला पाच-सहा वेळा. १९६७ मध्ये अमेरिकेतले जॉन चाउनिंग कॉम्प्युटरवर हे हलणं वाढवत गेले. सेकंदाला शेकडो वेळा! आणि काय झालं माहितेय? हलणं ऐकूच येईना. एक नवाच आवाज तयार झाला! चिप हेच करते. आवाजाची एक लाट वाजते, दुसरी तिला गदागदा हलवते.

आता खरी गंमत. लाट म्हणजे झोकाच. मधून वर, परत मध्ये, मग मागे वर, परत मध्ये. पहिला पाव झोका माहीत असला की झालं! तोच उलटा चालवला की परतीचा. दुसऱ्या बाजूला फिरवला की मागचा. म्हणून चिपमध्ये फक्त पाव लाट आहे. तिचे २५६ आकडे, बस्स! हौशी लोकांनी चिपचं कवच काढून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन ते आकडे वाचले. केवढी ही चिकाटी!

आणि ही युक्ती केवढी जुनी आहे, सांगू? सहाव्या शतकात उज्जैनचे वराहमिहिर 'पंचसिद्धांतिका' लिहीत होते. ग्रहांच्या गणितासाठी त्यांना याच लाटेचे आकडे हवे होते. या आकड्यांना 'ज्या' म्हणतात. वराहमिहिरांनी किती दिले? पाव वर्तुळाचे २४! बाकीचं वर्तुळ त्यातूनच निघतं.

अजून एक. या चिपला मोठे गुणाकार परवडत नव्हते! मग? १०० गुणिले १००० कर बरं. दोन शून्यं, तीन शून्यं, मिळून पाच शून्यं. एक लाख! गुणाकार झाला तो बेरजेनं. चिपमधले आकडेही अशाच खुबीनं साठवलेत.

आज जुन्या लॅपटॉपच्या मागे, प्रिंटरच्या खोबणीत लावायची एक छोटी डबी मिळते. आत कोण बसलंय? खरीखुरी वायएम ३८१२! जुना गेम सूचना देतो आणि ती लगेच नऊ सुरांत वाजायला लागते.