रोज 20 ओळी

वसईतल्या एका वाडीत पंचाहत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ सकाळी मोठ्याने लॅटिन वाचतात, आणि ती प्रार्थना नसते, असं कानावर आलं. मग मला राहवेना.

काका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. लहानपणी वेदीसेवक म्हणून मिस्सेतली लॅटिन उत्तरं घडाघडा म्हणायचे. अर्थ फादरांना ठाऊक, यांचं काम फक्त म्हणायचं. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि त्या पाठांतराला काही कामच उरलं नाही. निवृत्त झाल्यावर काकांनी मनावर घेतलं: आपण तेव्हा काय म्हणत होतो ते बघायचंच. क्लास नाही, गुरुजी नाहीत.

“रोज किती वाचता?”

“20 ओळी. एकविसावी नाय.”

पुस्तक हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं. पहिल्या पानापासून सगळं लॅटिनमध्येच, भाषांतर कुठेही नाही. नवा शब्द आला की समासात चित्र, नाहीतर आधी येऊन गेलेल्या शब्दांतच खुलासा. 35 प्रकरणांत एका रोमन कुटुंबाची गोष्ट पुढे सरकते.

काका आधी उतारा मोठ्याने वाचतात, मग क्रियापद शोधून त्याखाली नख टेकवतात. वर्कशॉपने जाड करून ठेवलेलं नख. ते तिथून हलतच नाही. कर्ता सापडला, कर्म सापडलं, कोण कोणाचं हे पटलं, की मगच पुढच्या वाक्यावर. माझी नजर पुस्तकावर कमी आणि त्या नखावरच जास्त होती.

उतारा वहीत उतरतो तो देवनागरीत. आ, ई, ऊ यांची ऱ्हस्व-दीर्घ रूपं सहज जमतात, पण लॅटिनमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’सुद्धा ऱ्हस्व-दीर्घ असतात. आपल्या लिपीत ती सोय नाही, म्हणून दीर्घ असेल तिथे लाल टिंब. विभक्तींचा मात्र त्यांना त्रास नाही. इंग्रजीतली मार्गदर्शकं विभक्तीची केवढी भीती घालतात! शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेल्याने ती उसनी कशाला घ्यायची? लॅटिनची पाचवी विभक्ती, अब्लातिव, एकटीच आपल्या तृतीया आणि पंचमीचं काम करते, वर बरंचसं सप्तमीचंही. क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, तेही आपल्यासारखंच.

आता टेबलावर सेनेका आहे. ल्युसिलियस या मित्राला लिहिलेली त्याची 124 पत्रं. सिसेरोची वाक्यं लांबच लांब. सेनेका तुटक लिहितो, म्हणून एकट्याने शिकणाऱ्याला आधी तोच झेपतो. काकांची प्रत लोएब मालेतली. ही माला जेम्स लोएबने 1911 साली सुरू केली: ग्रीकची पुस्तकं हिरवी, लॅटिनची लाल, डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. काकांचं उजवं पान जुन्या कॅलेंडरच्या कागदाखाली झाकलेलं.

मी गेलो तेव्हा 47वं पत्र चाललं होतं. गुलाम हीही माणसंच, त्यांच्यासोबत जेवायला लाज कसली, असा त्याचा सूर. ओर्बर्गच्या गोष्टीतला मेदुस नावाचा गुलाम मालकाच्या थैलीतली नाणी घेऊन पळतो. काका मनाने त्याच्याच बाजूचे. नख न उचलता ते म्हणाले, “बोलतो चांगला. पण सोडले किती?”

सेनेका नेरोचा गुरू, सल्लागार आणि रोममधला गडगंज माणूस. अनुवादात हे पत्र चहा संपेस्तोवर वाचून होतं, मान डोलावून आपण पुढे जातो. मोबाईलवर फिरणाऱ्या स्टोइक सुविचारांना तर असला प्रश्न विचारायची सोयच नसते. दिवसाला 20 ओळींच्या चालीने वाचणाऱ्याला तो पडतोच. तत्त्वज्ञानाचं वाचन म्हणून मला हेच खरं वाटतं. उरलेलं पुष्कळसं तोंडी लावणं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एकच सांगणं. मार्कस ऑरेलियससाठी लॅटिन शिकू नका. तो रोमचा सम्राट खरा, पण त्याने आपली टिपणं ग्रीकमध्ये लिहिली.