अलक
अलक हा मराठीतील अत्यंत छोट्या कथेचा प्रकार आहे. 'अति लघु कथा' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अलक काही वाक्यांत संपते; तरीही तिच्यात पात्र, प्रसंग आणि बदल असतो. त्यामुळे ती सुविचार वा चुटक्याहून वेगळी ठरते. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांच्या रूपककथा हे मराठीतील छोट्या कथेचे आधीचे उदाहरण होय. उर्दूत सआदत हसन मंटो यांनी 'सियाह हाशिये'मध्ये फाळणीतील हिंसा अशाच मोजक्या ओळींत मांडली.

अलकमध्ये वर्णनाला फारसा वाव नसल्याने संवादातील बोली महत्त्वाची ठरते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत झाडीबोली बोलली जाते. तिच्यात 'ण'ऐवजी 'न' उच्चारतात; 'पाणी'चे 'पानी' होताच बोलीभाषक पात्र वर्णनाशिवाय उभे राहते. येथेच लेखकाची अडचणही सुरू होते. बाहेरच्या वाचकाला अपरिचित असलेल्या शब्दाचा अर्थ सांगण्यास कथेत जागा नसते. टीप दिल्यास परिणाम ओसरतो, तर प्रमाण शब्द योजल्यास पात्राची ओळख पुसली जाते. म्हणून संदर्भावरूनच अर्थ कळेल अशी वाक्यरचना करणे, हे बोलीतील अलकलेखनाचे मुख्य कौशल्य ठरते.